रूळ उखडल्यानंतरची वाट

(हीरक महोत्सवी वर्षातील माजी विद्यार्थी व पालक मेळाव्यात मुख्याध्यापिकांनी केलेले भाषण)



हीरक महोत्सवात मुख्याध्यापिकेने शाळेचा इतिहास सांगावा, असा संकेत आहे. परंतु तो इतिहास आपण या दोन दिवसांत तीन वक्त्यांकडून ऐकला आहे आणि तिघांनीही तो माझ्यापेक्षा चांगला सांगितला. म्हणून आज मी आपली अनुमती घेऊन एका निराळ्या विषयाकडे वळते. विषय आहे सायकलीच्या वाटांचा. ज्या वाटांवर मोटार नाही, ट्रक नाही, रिक्षा नाही, अशा शेतशिवारातून आणि डोंगरदऱ्यांतून जाणाऱ्या, दूर पल्ल्याच्या वाटांचा. हा विषय ऐकून समोरच्या रांगेतील काही चेहऱ्यांवर स्मित उमटलेले मला दिसते आहे. भूगोलाच्या तासाला तुमच्या चेहऱ्यावर हेच स्मित असे. त्यामुळे मी विचलित होणार नाही.

शाळेच्या मागील अंगणात पत्र्याच्या छपराखाली सायकलींसाठी जे लोखंडी स्टँड आहे, ते २४० सायकलींचे आहे. मी १९९५ मध्ये येथे सहशिक्षिका म्हणून रुजू झाले तेव्हा उशिरा येणाऱ्या मुलांना त्यात जागा मिळत नसे. ती निंबाच्या खोडाला सायकल टेकवून ठेवत. परवा मी आमच्या शिपाईमामांना तेथील सायकली मोजायला सांगितल्या. त्या १९ भरल्या. मुले कमी झाली हे त्याचे एक कारण आहेच, आणि वडोदऱ्यातील मराठी माध्यमाच्या शाळेच्या मुख्याध्यापिकेने ते लपवून ठेवण्यात अर्थ नाही. एकेका इयत्तेच्या चार तुकड्या होत्या, तेथे आज एक आहे. परंतु जी मुले आहेत तीही सायकलीने येत नाहीत. ती व्हॅनमधून येतात, आईच्या स्कूटरवरून येतात. अकरावीतली काही तर स्वतःच्या स्कूटरवरून येतात आणि ती पुढच्या गल्लीत लावतात. मला ठाऊक नाही, असा त्यांचा समज आहे.

आपल्यापैकी अनेकांना नववीची सायकल सहल आठवत असेल. पहाटे निघायचे, तीसेक किलोमीटर चालवीत डभोई गाठायचे, हिरा भागोळीच्या कोरीव दगडांखाली शिदोरी सोडायची आणि सायकली टेम्पोत घालून छोट्या गाडीने परतायचे. मी त्या सहलीला दोनदा सोबत गेले होते. पुढे रस्ता रुंद झाला, वाहने वाढली, आणि संस्थेने ती सहल थांबविली. थांबविण्याच्या बैठकीत मी होते आणि माझे मतही थांबवावी असेच होते. आजही कोणी मला विचारले की या रस्त्यावरून चौदा वर्षांच्या चाळीस मुलांना घेऊन जाल का, तर माझे उत्तर नाही असेच असेल.

त्यामुळे मुलांना सायकल न देणाऱ्या पालकांना मी दोष देत नाही. मुलांच्या अंगी पूर्वीसारखी हिंमत राहिली नाही, हे वाक्य मी समारंभांतून फार ऐकते आणि मला ते मुळीच पटत नाही. मुले तीच आहेत. बदलला आहे तो रस्ता. ताशी ऐंशी किलोमीटर वेगाच्या ट्रकशेजारी ताशी बारा किलोमीटर वेगाची सायकल चालविणे ही हिंमतीची गोष्टच नव्हे. तेव्हा प्रश्न असा उरतो, की ट्रक नसलेली वाट कोठून आणायची?

जगात अशा वाटा आहेत, आणि त्यांची कुळकथा पाहू गेले तर एक गंमत दिसते. त्यांतील उत्तमोत्तम वाटा सायकलीसाठी आखलेल्याच नव्हत्या. ऑस्ट्रियातील डॅन्यूब नदीच्या काठाने पासाऊपासून व्हिएन्नापर्यंत जी प्रसिद्ध सायकलवाट जाते, तिचे मोठे भाग मूळचे घोड्यांचे आहेत. प्रवाहाच्या विरुद्ध नावा ओढून नेणारे घोडे त्या काठाने चालत. वाफेची जहाजे आली आणि घोड्यांची वाट रिकामी झाली. इंग्लंड-अमेरिकेत कालव्यांच्या काठच्या वाटांचे असेच झाले. या सर्वांहून मोठा साठा आहे तो बंद पडलेल्या रेल्वेमार्गांचा.

रेल्वेमार्ग सायकलीला इतका का मानवतो, हे विज्ञानाच्या शिक्षकांनी वर्गात जरूर सांगावे. पोलादी चाक पोलादी रुळावर सहज घसरते, म्हणून आगगाडीला तीव्र चढ चढता येत नाही. यासाठी शंभर-दीडशे वर्षांपूर्वीच्या अभियंत्यांनी डोंगर कापले, दऱ्यांवर पूल बांधले, बोगदे खणले, आणि जेथे काहीच जमले नाही तेथे टेकडीला लांबलचक वळसा घालून चढ सौम्य केला. पन्नास मीटर पुढे गेल्यावर एक मीटर वर, एवढाच तो चढ. आगगाडीच्या या दुबळेपणासाठी जो अफाट खर्च झाला, त्याचे फळ आज साठीतला सायकलस्वार खातो. शिवाय स्थानके ठरावीक अंतरावर असत आणि स्थानकाभोवती गाव वसलेले असे. त्यामुळे तास-दीड तासाच्या अंतराने पाणी, सावली आणि माणसे भेटतात.

पण रूळ उखडल्यावर ती जमीन अखंड राहिली तरच हे शक्य होते. ब्रिटनमध्ये १९६३ साली डॉ. बीचिंग यांचा अहवाल आला आणि सुमारे आठ हजार किलोमीटर मार्ग व दोन हजारांहून अधिक स्थानके बंद करण्याची शिफारस झाली. पुष्कळ ठिकाणी जमीन तुकड्यातुकड्याने विकली गेली. एखाद्या पट्टीवर घर उभे राहिले, एखाद्या ठिकाणी पूलच पाडला गेला. शंभर किलोमीटरच्या पट्टीतून मधले पन्नास मीटर गेले की ती पट्टी दोन तुकडे होते, आणि ते तुकडे पुन्हा सांधण्याचा खर्च कोणाच्याच आवाक्यात राहत नाही. ब्रिस्टल शहरातील सायकलप्रेमी मंडळींनी १९७७ मध्ये ‘सायकलबॅग’ नावाची संघटना काढली आणि ब्रिस्टल ते बाथ या बंद मार्गावर १९७९ ते १९८६ अशी सात वर्षे काम करून २१ किलोमीटरची वाट सिद्ध केली. खोरी-फावडी हाती घेऊन स्वयंसेवक राबले. आज ब्रिटनभर जे सायकलमार्गांचे जाळे आहे, त्याचे मूळ तेथे आहे.

अमेरिकेने १९८३ साली कायद्यात जी तरतूद केली ती तर मला फार शहाणपणाची वाटते. बंद करावयाचा रेल्वेमार्ग जणू बँकेत ठेव म्हणून ठेवायचा. उद्या गाडीची गरज पडली तर ती जमीन रेल्वेने परत घ्यावी. तोपर्यंत तिच्यावरून लोकांनी चालावे, सायकली चालवाव्यात. जमीन मोडायची नाही, एवढीच अट. आपल्या आज्यांनी दागिन्यांबाबत हेच धोरण ठेवले होते: घालायला हरकत नाही, मोडायचा नाही.

आता मी ज्या वाटेवर स्वतः सायकल चालविली, तिच्याविषयी सांगते. माझी धाकटी बहीण, याच शाळेची विद्यार्थिनी, न्यूझीलंडच्या दक्षिण बेटावर डनीडन येथे राहते. दोन वर्षांपूर्वीच्या दिवाळीच्या सुट्टीत मी तिच्याकडे गेले असता तिने माझ्यापुढे बेत मांडला: ‘ओटागो सेंट्रल रेल ट्रेल’, क्लाइड ते मिडलमार्च, १५२ किलोमीटर, पाच दिवस. मी तिला म्हटले, की ताईच्या गुडघ्यांचे वय तुला ठाऊक आहे ना. ती म्हणाली, तिथे सत्तरीतली माणसे येतात. ते खरे निघाले.

ओटागो सेंट्रल हा रेल्वेमार्ग बांधायला १८७९ मध्ये आरंभ झाला आणि तो मिडलमार्चला पोचायलाच १८९१ उजाडले. क्लाइडला १९०७, आणि शेवटच्या क्रॉमवेल गावी १९२१. बेचाळीस वर्षे एक मार्ग बांधला जात होता! त्या प्रदेशात आधी सोन्याची धावाधाव होऊन गेली होती. मार्ग पुरा होईतो सोने बहुतांशी संपले होते. मग गाडीने लोकर, मेंढ्या, फळे आणि धान्य वाहिले. पुढे मोटारी व ट्रक आले. क्लाइड येथील मोठ्या धरणाचे सामान वाहणे हे त्या मार्गाचे अखेरचे मोठे काम ठरले, आणि १९९० च्या एप्रिलअखेर क्लाइड ते मिडलमार्च हा भाग बंद झाला. मिडलमार्चच्या खालचा घळीतला भाग डनीडनच्या नगरपरिषदेने पर्यटकांच्या गाडीसाठी राखला. वरच्या भागाचे रूळ निघाले. उरली ती खडी, साठाहून अधिक पूल, तीन बोगदे आणि एकामागून एक ओस पडू लागलेली गावे.

१९९३ मध्ये त्या देशाच्या निसर्गसंवर्धन खात्याने ही पट्टी ताब्यात घेतली आणि तेथे चालण्या-सायकलीची वाट करण्याचे ठरविले. तेव्हा सगळ्यांनी टाळ्या वाजविल्या असे झाले नाही. शेजारच्या शेतकऱ्यांचा विरोध होता आणि त्यांची कारणे मला तरी रास्त वाटतात. परके लोक मेंढ्यांच्या कुरणातून जाणार, फाटके उघडी टाकणार, कोरड्या गवतात आग लागणार, कुत्री मेंढ्यांच्या मागे लागणार. शिवाय गाडी गेली तर जमीन शेतकऱ्याला मिळावी, असेही म्हणणे होते. वाटेच्या बाजूने उभ्या राहिलेल्या स्थानिक मंडळींनी १९९४ मध्ये एक विश्वस्त संस्था काढली, निधी गोळा केला, पुलांवर फळ्या बसवल्या, कठडे लावले. एकेक टप्पा करीत २००० च्या फेब्रुवारीत सबंध वाट खुली झाली. आजही ती चालत्या शेतांमधून जाते. वाटेत ठिकठिकाणी फाटके आहेत आणि नियम एकच: जसे सापडले तसे ठेवा. उघडे असेल तर उघडे, लावलेले असेल तर लावलेले.

या वाटेवर जाण्यास पैसे पडत नाहीत. तरीही वाटेने गावांना पैसा दिला, तो असा: सायकली भाड्याने देणारा एक, सामान एका मुक्कामाहून दुसऱ्या मुक्कामी नेणारा दुसरा, खोली देणारी तिसरी, पाव-सूप देणारी चौथी. सायकलस्वार सावकाश जातो, त्याला भूक लागते आणि अंधार पडला की त्याला थांबावेच लागते. मोटारवाला त्याच प्रदेशातून दोन तासांत निघून जातो आणि पेट्रोल तेवढे भरतो. अर्थशास्त्राचा एवढा सोपा धडा मी पाठ्यपुस्तकात पाहिला नाही. २००९ मध्ये मंदीच्या काळात न्यूझीलंडच्या सरकारने देशभर सायकलमार्ग बांधण्याची योजना हाती घेतली आणि तिच्यासाठी पाच कोटी डॉलर ठेवले, तेव्हा दाखविण्यासारखे उदाहरण त्यांच्याजवळ होते.

पहिल्या दिवशी क्लाइडहून निघालो. वसंत ऋतू होता. खडकाळ टेकड्यांवर रानटी थाइमची जांभळी फुले होती आणि उन्हात तिचा वास ओव्याच्या जवळचा येत होता. अलेक्झांड्रा सोडल्यावर ओमाकाऊच्या अलीकडे ‘टायगर हिल’ लागते. त्या देशात कधी वाघ नव्हता, तरी नाव तसे आहे. मला धास्ती होती ती या चढाची. पण रेल्वेने टेकडीला असा काही विळखा घातला आहे की आपण चढतो आहोत हे पाय सांगतात, डोळे सांगत नाहीत. मागे वळून पाहिले तेव्हा आलेली वाट पुष्कळ खाली दिसली आणि माझाच विश्वास बसेना. त्या साऱ्या दिवसात इंजिनाचा आवाज ऐकू आला तो एकदाच, दूर शेतातल्या ट्रॅक्टरचा. वारा मात्र होता, आणि तो समोरून होता. त्याविषयी माझ्या बहिणीने निघण्यापूर्वी अवाक्षर काढले नव्हते.

दुसरा मुक्काम लॉडरला. याच्याविषयी मी थोडे थांबून बोलणार आहे. लॉडर हे स्थानकाभोवतीचे अगदी लहान गाव. तेथील जुनी शाळा बंद झाली असून ती इमारत आता पाहुण्यांचे निवासस्थान आहे, आणि आमची खोली तेथेच होती. तुम्ही माझी अवस्था ध्यानी घ्या. मी एका शाळेची मुख्याध्यापिका, आणि मी झोपले होते एका संपलेल्या शाळेत. उंच छत, मोठ्या खिडक्या. रात्री मला बराच वेळ झोप लागली नाही. मी आपल्या शाळेच्या पाचवीचा पट मोजत होते, सहावीचा मोजत होते. खिडकीतून वाटेचा पांढुरका पट्टा दिसत होता. गाडी गेली, मुले गेली, शाळा गेली. तरी सकाळी साडेसातला त्या इमारतीत चहाची किटली वाजत होती आणि पाच अनोळखी माणसे एकमेकांना विचारीत होती, आज कोठवर जाणार? इमारत उभी होती, छपराला रंग लावलेला होता. याला समाधान म्हणावे की दुःख, हे मला त्या रात्री ठरविता आले नाही आणि अजूनही ठरविता आलेले नाही.

लॉडरच्या पुढे वाट पूलबर्न नदीच्या घळीत शिरते. येथे दोन बोगदे आहेत आणि त्यांच्या मधोमध पूलबर्नचा पूल, नदीपासून सुमारे ३७ मीटर उंच, दगडी खांबांवर. बोगद्यात दिवा नाही. आपली विजेरी न्यावी लागते. आत थंडगार हवा, चाकांखाली खडीचा आवाज आणि समोर एका नाण्याएवढा उजेड. विजेरी हाती धरून, सायकल ढकलीत आम्ही दोघी बहिणी चाललो होतो, आणि माझ्या मनात आले की नववीच्या मुलांना येथे आणले तर ती पहिल्यांदा काय करतील? अर्थातच ओरडतील. मग इकडेतिकडे पाहून मी ओरडून पाहिले. प्रतिध्वनी उत्तम आहे.

ओटुरेहुआ या गावी हेज कुटुंबाचा जुना कारखाना जतन करून ठेवला आहे. अर्नेस्ट हेज हा गिरणीवाला. १८९५ पासून तो शेतीची अवजारे बनवू लागला, आणि कुंपणाची तार ताणून बसविण्याचे त्याचे साधन पुढे दूरवर गेले. पण मला महत्त्वाची वाटली ती त्याची पत्नी हॅना. मुलाबाळांचा मोठा संसार असलेली ही बाई सायकलीवर बसून, त्या काळच्या खडबडीत वाटांनी, शेतोशेत फिरत असे आणि नवऱ्याने बनविलेल्या अवजारांच्या मागण्या गोळा करून आणत असे. कारखान्याचा इतिहास सांगताना आज तेथे तिचे नाव नवऱ्याच्या बरोबरीने घेतले जाते. आपल्या सातवीच्या मुलींना मी हॅना हेजची गोष्ट परत आल्यावर सांगितली. एकीने विचारले, ‘बाई, तिला घरचे सोडायचे?’ प्रश्न बरोबर आहे.

पुढचे मी भरभर सांगते. वेडरबर्नच्या अलीकडे वाटेचे सर्वांत उंच ठिकाण येते, समुद्रसपाटीपासून ६१८ मीटर, आणि तेथेच जवळ ४५ अंश दक्षिण अक्षवृत्त ओलांडले जाते. भूगोलाच्या शिक्षिकेने तेथे छायाचित्र काढून घेणे क्रमप्राप्त होते. ते शिक्षकदालनात लावले आहे. रॅनफर्ली गावी सूर्य ठेवून वाटेच्या दोन्ही दिशांना योग्य प्रमाणात ग्रहांच्या प्रतिकृती मांडल्या आहेत. बुध, शुक्र, पृथ्वी लगेच हाती लागतात आणि मग बाहेरच्या ग्रहांसाठी तासन्‌तास पाय मारावे लागतात. सूर्यमालेतील अंतरे मी तीस वर्षे फळ्यावर लिहीत आले, परंतु ती मांड्यांना कळली ती तेथे. हाइडजवळ मात्र आम्ही उतरलो आणि उभ्या राहिलो. ४ जून १९४३ रोजी तेथे गाडी रुळांवरून घसरून २१ माणसे मृत्युमुखी पडली. त्यांचे दगडी स्मारक आहे. पाचव्या दिवशी मिडलमार्चला पोचलो. गुडघे शाबूत होते.

आता मी आपल्या घराकडे येते, कारण केवळ प्रवासवर्णन ऐकविण्यासाठी मी तुमचा एवढा वेळ घेतला नसता.

आपले वडोदरे हे भारतातील अरुंद रुळांच्या गाड्यांचे माहेर आहे. खंडेराव महाराजांच्या काळी, १८६२ मध्ये डभोई ते मियागाम हा मार्ग घातला गेला, तो भारतातील पहिला नॅरोगेज मार्ग. आणि आरंभी त्यावरील डबे इंजिनाने नव्हे, बैलांनी ओढले. पुढे गायकवाड सरकारच्या या मार्गांचे डभोई हे केंद्र झाले आणि तेथून फाटे फुटत गेले. सयाजीराव महाराजांनी १९०६ मध्ये राज्यभर प्राथमिक शिक्षण सक्तीचे व मोफत केले हे आपण दरवर्षी त्यांच्या जयंतीला सांगतो. परंतु खेड्यातून शाळा-कॉलेजात येणारी कितीतरी मुले या छोट्या गाड्यांनी आली, हे सांगायचे राहून जाते. येथे बसलेल्या काही आजोबांनी तो प्रवास केला आहे. आता प्रतापनगर ते डभोई रुंद रूळ झाले आणि २०२१ पासून गाडी थेट केवडियापर्यंत जाते. त्याचा मला आनंदच आहे. जेथे गाडी धावायची आहे, तेथे गाडीच धावली पाहिजे. हजार माणसांची सोय काढून घेऊन शंभर सायकलस्वारांना द्यावी, असे मी कधीही म्हणणार नाही. रेल्वे मंडळाने २०१८ मध्ये गुजरातेतील पाच नॅरोगेज मार्ग वारसा म्हणून जपण्याचे ठरविले, त्यांत प्रतापनगर–जंबुसर, डभोई–मियागाम हे आपले मार्गही आहेत. वारसा जपणे म्हणजे एखादे इंजिन रंगवून चौथऱ्यावर ठेवणे एवढाच अर्थ नसावा. जेथे गाडी परत येणार नाही, तेथे ती पट्टी मोडू न देणे, हाही वारसाच आहे.

कोणी म्हणेल, बाई, हे परदेशी खूळ आहे. मला तसे वाटत नाही. चांदोदच्या घाटावर ज्यांनी परिक्रमावासी पाहिले आहेत, त्यांना ही कल्पना नवी नाही. नर्मदेच्या काठाने शेकडो किलोमीटर चालणारी माणसे, त्यांत आपल्या महाराष्ट्रातून येणारी कितीतरी, आणि त्यांना ठिकठिकाणी सदावर्त देणारी, पडवीत झोपू देणारी गावे. चालणाऱ्याला जेवू घालण्याची रीत या मातीत आधीपासून आहे. नाही ती वाहनांपासून सुरक्षित अशी सलग वाट. हैदराबादमध्ये २०२३ साली बाह्यवळण मार्गालगत २३ किलोमीटरचा सौर छपराचा सायकलमार्ग झाला. तो चांगलाच आहे, पण तो महामार्गाशेजारून जातो. मी मागते आहे तो याहून स्वस्त आणि याहून मागासलेला आहे: मातीचा, मुरूम दाबलेला, दोन्ही बाजूंना कापूस आणि तूर असलेला.

अडचणी मला दिसतात. आपले ऊन. मार्चनंतर दुपारी बारा वाजता अशा वाटेवर कोणी जाऊ नये. आपला हंगाम नोव्हेंबर ते फेब्रुवारीचा, आणि तोही सकाळचा. पावसाळ्यात काळी माती चाकांना सोडत नाही, म्हणून रेल्वेचा उंच भराव मोलाचा. तो पाण्याच्या वर राहतो. मुलींच्या सुरक्षिततेचा प्रश्न आया विचारतील, आणि विचारलाच पाहिजे. निर्जन वाट ही आपोआप सुरक्षित वाट नसते. ओटागोमध्ये ती सुरक्षित वाटली ती माणसांच्या वर्दळीमुळे, दर दहा-पंधरा किलोमीटरवर कोणीतरी आपली वाट पाहत असल्यामुळे. आणि शेतकऱ्यांचे म्हणणे आधी ऐकावे लागेल. ज्याच्या बांधावरून वाट जाणार त्याला विचारल्याविना आखलेली वाट चार दिवस टिकत नाही, हे मी पाटणवाडीच्या रस्त्याचे भांडण पाहून शिकले. माझे माहेर तेथले.

शाळा काय करू शकते? शाळेजवळ पैसा नाही, जमीन नाही. परंतु शाळेजवळ माजी विद्यार्थी आहेत. तुमच्यांत भूमापनातील लोक आहेत, रेल्वेतून निवृत्त झालेले तिघे तरी मला समोर दिसतात, वकील आहेत, वर्तमानपत्रात लिहिणारे आहेत. पहिले काम नकाशाचे आहे: या मार्गांची पट्टी कोठे सलग आहे, कोठे तुटली आहे, कोठे पूल शाबूत आहे, कोठे झाडे किती मोठी झाली आहेत. हे काम नववी-दहावीच्या मुलांना भूगोलाचा प्रकल्प म्हणून देता येते, आणि मी ते या वर्षी देणार आहे. त्यांच्यासोबत चालायला मोठी माणसे हवीत. जे आढळेल ते आपण रेल्वे प्रशासनास आणि जिल्हाधिकारी कार्यालयास रीतसर कळवू. उत्तर यायला वर्षे लागतील. ओटागोला रूळ निघाल्यापासून वाट पुरी होईपर्यंत दहा वर्षे लागली, आणि तेथे तर जमीन एकाच खात्याकडे होती.

दरम्यान या मुलांना ती सहल मिळावी असे मला वाटते. वाहनांचा रस्ता कमीत कमी येईल, असा एक सव्वीस किलोमीटरचा फेरा आमच्या क्रीडाशिक्षकांनी गावरस्त्यांनी शोधून काढला आहे. त्यांनी आणि मी तो दोन रविवारी सकाळी चालवून पाहिला. मोठा रस्ता एकाच ठिकाणी ओलांडावा लागतो; तेथे दोन्ही बाजूंना प्रत्येकी चार मोठी माणसे हात पसरून उभी राहतील, तरच मुले पुढे जातील. जानेवारीचा दुसरा रविवार ठरविला आहे. नववीच्या अठ्ठावीस मुलांपैकी अकरा जणांजवळ सायकल नाही. ज्यांच्या घरी वापरात नसलेली सायकल पडून आहे त्यांनी ती महिनाभर उसनी द्यावी. शिपाईमामा ट्यूब, ब्रेक, साखळी पाहून घेतील, आणि ती परत मिळेल तेव्हा आधीपेक्षा बऱ्या स्थितीत असेल. पालकांच्या संमतिपत्राचे नमुने कार्यालयात ठेवले आहेत. रस्ता ओलांडण्याच्या जागी उभे राहण्यासाठी आठ नावे हवी आहेत. वही दाराशी, चहाच्या टेबलावर आहे, आणि पहिल्या ओळीत माझ्या बहिणीने न्यूझीलंडहून फोन करून स्वतःचे नाव लिहायला लावले आहे. ती त्या वेळी सुट्टीवर येथे आहे. उरली सात.